रात्री साडेतीनची जाग आणि दादरचा पूल

भांडुपच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. वय ४१, चर्चगेटजवळ नोकरी. घरात बारावीची मुलगी, शिफ्ट ड्युटी करणारे यजमान आणि आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झालेल्या सासूबाई. रोज रात्री साडेतीनला जाग येते, मग झोप लागत नाही. मुलीवर नाहक ओरडलं जातं आणि नंतर ऑफिसच्या बाथरूममध्ये रडू येतं. गेल्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी दादरच्या पुलावर छातीत धडधड, हातांना मुंग्या, श्वास कोंडलेला. हार्ट अटॅकच आला असं वाटलं. ईसीजी आणि टूडी एको दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, पण डोळे मिटले की धडधड आणखी वाढते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: मी मनाने कमकुवत आहे का, गोळ्या घ्याव्या लागतील का, आणि मुलीला हे सांगू का?

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. या कामाला २४ वर्षं झाली, त्यातली सुरुवातीची महापालिकेच्या रुग्णालयातल्या ओपीडीत आणि नंतरची मुलुंडच्या माझ्या क्लिनिकमध्ये. तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एकच गोष्ट शोधत होते, की या दिवसात तुम्ही कुठे बसता? पाचला उठणं, तीन डबे, सासूबाईंचं अंग पुसणं, त्यांना कूस बदलून देणं, धावत स्टेशन, ऑफिस, परतीच्या गाडीत गवार मोडणं, घरी येऊन पुन्हा ओटा. गाडीत चौथी सीट मिळाली तरी मांडीवर भाजीची पिशवी. बसलेल्या तुम्ही कुठेच सापडला नाहीत.

म्हणून कमकुवत असण्याबद्दल आधी बोलते. तुम्ही कमकुवत नाही, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. तुमच्या शरीराची धोक्याची घंटा अगदी ठणठणीत आहे. ती आठ महिने वाजते आहे आणि बंद कुणी करत नाही, एवढंच झालंय. या घंटेचं काम वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडून दाखवलं होतं. समोर धोका दिसला की काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. हृदय जोरात धडधडतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक वाढतं, कारण पळायचं किंवा लढायचं तर साखर हवी. धोका टळला की हेच शरीर आपोआप उलट्या दिशेने फिरतं: श्वास लांबतो, तोंडाला पाणी सुटतं, भूक लागते, डोळे जड होतात. ताण येणं आणि ताण उतरणं अशा या दोन हालचाली आहेत. तुमच्याकडे पहिली दिवसातून वीस वेळा होते आणि दुसरी होतच नाही. तुम्हाला सतत अ‍ॅसिडिटी होते, जबडा दुखतो, मान आखडते असं लिहिलंय. त्या सगळ्याचं मूळ इथे आहे.

ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून एक निरीक्षण मांडलं होतं, ते मला तुमच्या बाबतीत फार लागू वाटतं. सतत ताणाखाली ठेवलेल्या प्राण्याचं शरीर आधी हादरतं, मग जुळवून घेतं आणि बऱ्याच काळाने एकदम ढासळतं. फसवा असतो तो मधला टप्पा. त्यात माणूस म्हणतो, "जमतंय की मला." आजूबाजूचेही म्हणतात, "हिचं बघा, किती छान सांभाळते सगळं." तुम्ही सहा-सात महिने त्या टप्प्यात होतात. दादरच्या पुलावर तो संपला.

पुलावर नेमकं काय झालं ते समजून घ्या, कारण न समजलेली भीती दुप्पट होते. शुक्रवारची संध्याकाळ, दुपारी एकनंतर पोटात काही नाही, वर तीन चहा, उकाडा, पुढे माणसांची भिंत. अशा वेळी श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि भराभर होतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि तो कमी झाला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, हवा पुरत नाही असं वाटतं. हवा भरपूर आत जात असते, तरीही. मग मेंदू म्हणतो, आपण मरतोय, आणि घंटा आणखी जोरात वाजते. याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपला आपण ओसरतो.

तुम्ही ईसीजी काढलात ते उत्तमच केलंत. छातीत दुखलं की आधी हृदय तपासायचं, त्यात लाज कसली. पुढेही कधी जिना चढताना किंवा चालताना छाती दाबल्यासारखी झाली, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे गेलं, दरदरून घाम फुटला, तर "हे माझं नेहमीचंच" म्हणून घरी बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. त्याबरोबर रक्ताच्या साध्या तपासण्या करून घ्या: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. थायरॉइड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते, अशीच झोप उडते. शिवाय चाळिशीनंतर पाळीचं चक्र बदलायला लागतं, त्याचाही झोपेवर आणि चिडचिडीवर परिणाम होतो. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला हे रिपोर्ट आधी विचारते. मनाचं मनाचं म्हणत सहा महिने घालवायचे आणि हिमोग्लोबिन सात निघायचं, असं मी पाहिलेलं आहे.

त्या दिवसापासून तुम्ही दादर टाळता, चर्चगेटहून शेअर टॅक्सीने सीएसएमटी गाठून तिथून गाडी पकडता, असं लिहिलंय. ही गोष्ट मला तुमच्या सगळ्या लिहिण्यात जास्त काळजीची वाटली. टाळल्याने त्या दिवसापुरतं बरं वाटतं, पण मेंदू त्यातून शिकतो की पूल खरोखरच धोक्याचा होता. मग भीती हातपाय पसरते. आज दादर, उद्या गर्दीची गाडी, परवा लिफ्ट. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेची सुरुवात अशीच एका स्टेशनापासून झाली होती आणि वर्षभराने ती एकटी गल्लीच्या टोकापर्यंतही जात नव्हती. तेव्हा परत दादरला जायचं, पण टप्प्याटप्प्याने. पहिल्यांदा रविवारी सकाळी, पूल मोकळा असताना, यजमानांबरोबर. नुसतं चढायचं, मधोमध कठड्याजवळ उभं राहायचं, खालून चार गाड्या जाऊ द्यायच्या. धडधड होईल. ती होऊ द्या. ती वाढते, थांबते आणि उतरते हे तिथेच उभं राहून बघायचं. असं तीन-चारदा झालं की मैत्रिणीबरोबर शनिवारी दुपारी, आणि मग नेहमीच्या वेळी. मधूनच पळून आलात तर पहिल्या पायरीवर या, काही बिघडलेलं नाही.

पुलावर उभं असताना करायचं काय, तर श्वास सोडणं लांबवायचं. घेताना मनात चार अंक, सोडताना सहा. श्वास बाहेर जात असतो तेव्हा व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाची गती उतरते. प्रत्येक उच्छ्वासाला ती थोडी उतरते, प्रत्येक श्वासाला थोडी चढते. म्हणून सोडणं लांब ठेवलं की घंटेचा आवाज खाली येतो. "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" असं आजूबाजूचे सांगतात, त्याने उलट मुंग्या वाढतात. डोळे उघडे ठेवा. चपलेखालची जमीन जाणवू द्या. इंडिकेटरवरची गाडी वाचा.

अ‍ॅप लावून डोळे मिटले की त्रास वाढतो, हे ऐकून तुमच्या मैत्रिणीला नवल वाटलं म्हणे. मला नाही वाटलं. आठ महिने ज्या माणसाचा एक कान सासूबाईंच्या खोलीकडे लागलेला आहे, त्याला एकदम शांततेत बसवलं तर स्वतःच्या हृदयाचे ठोकेच ऐकू येणार. ध्यान वाईट नाही, पण तुमच्यासाठी ही त्याची वेळ नव्हे. सध्या डोळे उघडे ठेवून, अंग हलवत काय करता येईल ते करा. वीस मिनिटं भरभर चालणं चालेल. गाणं तर फारच चालेल. आपल्या लोकलमधली भजनी मंडळं बघा. टाळ वाजवत अभंग म्हणताना एकेका ओळीला श्वास लांब सोडावाच लागतो, शिवाय शेजारी रोजची माणसं असतात. देवधर्म मानत नसलात तरी तुमच्या डब्यात असा घोळका असेल तर जाऊन उभ्या राहा. नसेल तर ओट्याशी जुनी गाणी म्हणा, पण तोंडाने, मोठ्याने.

आणि एक मागणं. परतीच्या गाडीत दादर ते घाटकोपर गवार मोडू नका. माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर: पाच स्टेशनं. फोन पर्समध्ये, हात रिकामे, खिडकीबाहेर बघायचं. ऑफिसची बाई आणि घरची बाई यांच्यामध्ये तेवढीच एक फट आहे, ती भाजीने भरू नका. भाजी घाटकोपरनंतर मोडा, नाहीतर घरी मुलीच्या पुढ्यात टाका.

आता मूळ विषयाकडे येते. वरचं सगळं केलंत तरी दिवसाचं ओझं तेवढंच राहिलं तर चार महिन्यांनी आपण पुन्हा इथेच असू. मनःस्वास्थ्यावर बोलणारे बहुतेक जण ओझं वाहणाऱ्याला खांदे मजबूत करायला सांगतात. मला आधी ओझं मोजायचं असतं. त्यासाठी मी गेली अनेक वर्षं भिंतीवरचं कालनिर्णय वापरते. दुधाचे खाडे आपण त्याच चौकटीत लिहितो ना, तसंच. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत तीन खुणा करायच्या: रात्री जाग किती वाजता आली, दिवसभराचा ताण शून्य ते दहामध्ये किती, आणि वीस मिनिटं सलग स्वतःची मिळाली असतील तर एक टिंब. टिंब नसेल तर तो खाडा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वही करायला सांगितली की लोक चार दिवसांत सोडतात, म्हणून भिंतीवरच.

एका बाईचं असं पान माझ्या डोळ्यांसमोर आहे (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलते). तीही आजारी सासऱ्यांचं करत होती. दोन आठवड्यांनी ती पान घेऊन आली, घडी घालून पर्समध्ये ठेवल्यामुळे मधोमध फाटत आलेलं. निळ्या पेनाने आकडे. सगळ्यात जास्त काम बुधवारी, कारण त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट यायचे आणि ती अर्धी रजा टाकायची. बुधवारचा आकडा पाच. रविवारी संध्याकाळी मात्र नऊ, दोन्ही रविवारी. आम्ही दोघी त्या नवाकडे बघत बसलो. मी विचारलं, "रविवारी काय असतं?" ती म्हणाली, "काहीच नाही, सुट्टी." मग थोडं थांबून म्हणाली, "संध्याकाळी दिरांचा फोन येतो पुण्याहून. स्पीकरवर. 'वहिनी, बाबांना पोटभर खायला घालता ना?'" आणि ती रडायला लागली. तोपर्यंतच्या तीन भेटींत ती एकदाही रडली नव्हती. तिला काम दमवत नव्हतं. आपल्या कष्टांची उलटतपासणी होते, हे तिला पोखरत होतं. तुमच्या पानावर काय निघेल मला ठाऊक नाही, पण काहीतरी निघेल, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा ते वेगळं असण्याची शक्यता बरीच आहे.

तुमच्याही लिहिण्यात एक दीर आणि एक नणंद ओझरते येऊन जातात. दीर महिन्याला पैसे पाठवतात, नणंद पनवेलला असते आणि "येऊन जाईन" म्हणते. मदत मागताना आपल्या बायका दोनच गोष्टी करतात. एक तर मागत नाहीत, किंवा आठ महिने गप्प राहून एका दिवशी भांडतात. तिसरा मार्ग असा, की मागणं नेमकं ठेवायचं: दिवस, वेळ, काम. "वन्सं, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आईंजवळ तुम्ही थांबाल का? औषधांचा कागद मी लिहून ठेवते." एवढंच. पुढे "मला फार त्रास होतो हो" जोडायचं नाही, कारण मग चर्चा तुमच्या त्रासावर जाते आणि शनिवार बाजूला राहतो. पहिल्यांदा नाही म्हणाल्या तर पंधरा दिवसांनी हेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात. दिरांकडून पैसे येतात, तर त्यातून ब्यूरोची बाई दिवसपाळीला ठेवता येईल का, हे यजमानांनी त्यांच्याशी बोलायचं. तुम्ही नाही. आई त्यांची आहे, भाऊ त्यांचा आहे. शिफ्टची ड्युटी असली तरी फोन करता येतो. हे मी कडक शब्दांत लिहिते आहे, कारण माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी बायकांच्या झोपेचा प्रश्न नवऱ्याच्या एका फोनाने निम्मा सुटलेला मी पाहिलाय.

अपराधीपणाबद्दलही बोलायला हवं. "कधी कधी वाटतं हे सगळं संपावं," असं तुम्ही लिहिलंय आणि लगेच पुढे, "देव मला क्षमा करो." आजारी माणसाचं करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हे येतं. प्रेम असतं आणि सुटका हवी असते, दोन्ही एकाच वेळी. विचार आला म्हणून तुमच्या हातून सासूबाईंना पाणी द्यायचं राहिलं का? नाही ना. विचार येणं आणि वागणं यांत अंतर आहे, आणि तुम्ही ते रोज राखता.

पण "हे सगळं संपावं" यात स्वतःला संपवण्याचा विचार कधी डोकावतो का? मी सरळ विचारते, कारण विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर होय असेल, अगदी अधूनमधूनही, तर पुढचं वाचायच्या आधी १४४१६ ला फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका तरी माणसाला त्याच रात्री सांगा.

साडेतीनच्या जागेचं कारण ऐकलंत तर तिची भीती थोडी कमी होईल. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि पहाटेकडे चढायला लागतं; उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिगेला पोचतं. रात्रीच्या उत्तरार्धात झोपही हलकी असते. ताण साचलेला असेल तर याच वेळेला डोळा उघडतो. खरी झोप उडते ती नंतर, घड्याळ बघितल्यावर. "साडेतीन. म्हणजे आता दीडच तास. उद्या ऑफिसात माझं काय होणार." म्हणून घड्याळ उलटं करून ठेवा आणि फोन हॉलमध्ये. सासूबाईंनी हाक मारली तर ऐकू येईल, त्याला फोन लागत नाही. वीसेक मिनिटांत झोप लागत नाहीसं वाटलं तर अंथरुणात तळमळू नका. उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, कपड्यांच्या घड्या घाला, आणि डोळे जड झाले की परत या. अंथरूण म्हणजे झोप, एवढंच मेंदूला पुन्हा शिकवायचं आहे. सकाळी मात्र ठरलेल्या वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. पहिला आठवडा वाईट जाईल, दुसऱ्यात फरक दिसायला लागतो.

चहा दुपारी तीननंतर बंद. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाचा कटिंग रात्री अकरालाही अर्धा जागाच असतो. आणि दुपारी चारला मूठभर शेंगदाणे किंवा चणे खा, पुलावर उपाशी पोटी जाऊ नका.

रात्री येणाऱ्या विचारांसाठी संध्याकाळी वेळ राखून ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण मानसोपचारात ही पद्धत १९८०च्या दशकापासून वापरात आहे आणि माझ्या अनुभवात चालते. रोज ठरलेल्या वेळी, समजा साडेआठला, पंधरा मिनिटं काळजी करायची, कागदावर. बारावीचे मार्क, सासूबाईंच्या पाठीवरची जखम, कर्जाचा हप्ता, जे असेल ते. प्रत्येकासमोर एकच खूण: यात उद्या माझ्या हातात काही आहे का? असेल तर ते एक काम लिहायचं, "नर्सला ड्रेसिंग विचारणे". नसेल तर फुली. मग रात्री साडेतीनला तोच विचार आला की त्याला सांगायचं, "तुझी वेळ साडेआठची." पहिले काही दिवस तो ऐकणार नाही.

गोळ्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की मेडिकलवाल्याने "झोपेची हलकी गोळी" दिली आणि तुम्ही अधूनमधून घेता. नाव लिहिलं नाहीत, पण अशा वेळी हाती पडते ती बहुधा अल्प्राझोलामसारखी गोळी असते. ती चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. त्या रात्री बरं वाटतं, पण काही आठवड्यांत सवय लागते, डोस वाढत जातो, आणि रोज घेत असाल तर एकदम बंद केली की घबराट दुपटीने परत येते. म्हणून किती दिवस आणि किती घेतलीत ते लिहून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कमी कशी करायची ते ते सांगतील. त्यांनी लिहून दिलेली चिंतेवरची औषधं, म्हणजे एसएसआरआय गटातली, वेगळी असतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण तीसुद्धा मनाने बंद करायची नसतात. तुम्हाला ती लागतीलच असं नाही. माझा कल असा आहे: वर सांगितलेलं दोन-तीन आठवडे करून बघा. तरीही रोजचं उदासपण, कशातच रस न वाटणं, भूक-झोप गेलेली, हे दोन आठवडे सलग राहिलं किंवा पॅनिक पुन्हा पुन्हा आला, तर औषधाला नाही म्हणू नका. चष्मा लागला तर आपण डोळ्यांना दोष देत बसत नाही.

कुठे जायचं, हेही सांगते. औषध लागेल का हे मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट डॉक्टर ठरवतात. बोलून, सराव देऊन करायचे उपचार माझ्यासारखे मानसशास्त्रज्ञ करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात गैर काही नाही. खाजगी फी परवडत नसेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि शीवचं टिळक रुग्णालय, तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे आणि केसपेपरच्या किरकोळ पैशांत काम होतं. रांग मोठी असते, सकाळ जाते. पण समोर बसणारे डॉक्टर या शहरातले असंख्य पेशंट बघून तयार झालेले असतात. फोनवर बोलणं सोपं वाटत असेल तर देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा आहे.

ऑफिसात कळलं तर काय, ही धास्ती मला समजते. आमच्या लहानपणी "हिला ठाण्याला पाठवा", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हे शिवीसारखं वापरलं जायचं, आणि ती भीती अजून घराघरांत आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुमच्या ऑफिसला काही कळवू शकत नाहीत. त्याच कायद्यात असंही आहे, की विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं. तुमची पॉलिसी काढून बघा.

आता मुलगी. सांगा, नक्की सांगा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घरातलं सगळं दिसत असतं. न सांगितलं तर ती स्वतःच अर्थ लावते, आणि मुलं बहुतेक वेळा अर्थ लावतात तो "आई माझ्यामुळे चिडते" असा. अभ्यास चालू असताना नको, रात्री उशिरा नको. रविवारी दोघी कपडे वाळत घालत असाल तेव्हा, हात कामात आणि नजर दोरीकडे, अशा वेळी बोलणं सोपं जातं. मोठं प्रास्ताविक नको. "मला गेले काही महिने नीट झोप नाही, छातीत धडधडतं. डॉक्टरांना दाखवलंय, हृदय ठीक आहे. त्याच्यावर उपाय चालू केलेत. मी तुझ्यावर ओरडते त्यात तुझी चूक नसते, ते मला आवरायचंय." मग थांबा. ती "बरं" म्हणून आत निघून गेली तरी हाक मारू नका. आणि परीक्षेपर्यंत आजीचं करायला तिला जुंपू नका. पण रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं आजीजवळ बसायला तिला आवडत असेल तर बसू द्या, आणि तेवढी दहा मिनिटं तुम्ही गॅलरीत जाऊन उभ्या राहा.